देवाच्या दारात आपल्याच माणसांना का अडवता?

नाशिकच्या आमच्या चर्चच्या दारांवर पहारा देणाऱ्या पथकातली मी एक स्वयंसेविका आहे. उपासना संपून लोक बाहेर पडू लागले की मला हमखास विचारला जाणारा प्रश्न पूर्वी एवढाच होता: ‘देवाच्या घराला पहारा कशाला?’ आता त्याला एक पुस्ती जोडली गेली आहे: ‘आणि तोही आपल्याच माणसांवर?’ विचारणारे कोणत्या रविवारविषयी बोलत आहेत, हे त्यांनाही ठाऊक असते आणि मलाही. दारात उभ्याउभ्या तुटक उत्तरे देण्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. १५ मार्च २०१५ रोजी लाहोरच्या योहानाबादमध्ये आकाश बशीर नावाच्या विशीतल्या स्वयंसेवकाने चर्चच्या फाटकावर आत्मघातकी हल्लेखोराला अडवून धरले आणि त्या स्फोटात स्वतःचा प्राण गमावला, पण आतली माणसे वाचली. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेतील बट्टिकलोआ येथील हल्लेखोरालाही चर्चमध्ये शिरू दिले गेले नाही. तरीही त्याने आवारातच स्फोट घडवला आणि मृतांमध्ये रविवारच्या शाळेतून बाहेर आलेली मुले होती. ‘परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ’ हा १२७ व्या स्तोत्राचा आशय मला ऐकवणाऱ्यांना मी बायबलमधल्याच नेहम्या या पुढाऱ्याची आठवण करून देते. त्याने यरुशलेमचा कोट बांधताना प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, आणि या दोहोंत त्याला विरोध दिसला नाही.

आमच्या मंडळीतील एक ज्येष्ठ काका वेगळा मुद्दा मांडतात आणि तो मला अधिक टोचतो. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ज्या नाशिकच्या शरणपुरात आसरा मिळाला, तिथल्या ख्रिस्ती माणसाने परक्याकडे संशयाने पाहणे शोभत नाही, असे ते म्हणतात. मला ते मान्य आहे. म्हणूनच आम्ही चेहरा, कपडे किंवा आडनाव पाहून कोणालाही थांबवत नाही. १७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार करणारा तरुण आधी सुमारे तासभर त्यांच्याच पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला बसला होता. चेहऱ्यावरून काय कळणार?

आमच्यातील तरुण मुले टेक्सासचे उदाहरण देतात. तिथल्या व्हाइट सेटलमेंट गावातील चर्चमध्ये २९ डिसेंबर २०१९ रोजी सशस्त्र स्वयंसेवकाने हल्लेखोराला काही सेकंदांत गोळी घातली. पण तेवढ्या सेकंदांत दोन उपासक गेले होते, हेही त्या मुलांना सांगावे लागते. आमच्याकडे काठीसुद्धा नाही. शिट्टी, विजेरी, किल्ल्यांचा जुडगा, प्रथमोपचाराची पेटी आणि ११२ हा क्रमांक, एवढीच आमची सामग्री आहे. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येते आणि विलंब न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते. त्यापलीकडे आम्हाला कोणताही विशेष अधिकार नाही आणि नसावाही.

खरे तर आमचे बहुतेक काम गर्दीचे असते. २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्यातील चेंगराचेंगरीत याच शहरात ३९ माणसे गेली. नाताळच्या मध्यरात्री दुचाक्या लावून बाजूचे दार अडवणाऱ्यांशी मी वाद घालते तेव्हा माझ्या मनात तो दिवस असतो.

आता त्या रविवारविषयी.

रविवारच्या शाळेत प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी असते आणि मुलाला कोणी घेऊन जायचे, त्यांची नावे तिच्यावर असतात. एका मुलीच्या आईने कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशाची प्रत आम्हाला दाखवली होती. मुलीचा ताबा आईकडे होता आणि वडिलांनी तिला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळीच भेटायचे होते. हे पाळकसाहेब, शाळेच्या शिक्षिका आणि मी, एवढ्यांनाच माहीत होते, आणि ते इतरांना सांगायचे नाही असे आईला वचन दिले होते. वडील आमच्याच गायनमंडळात पेटी वाजवत. ते मला ताई म्हणत.

प्रभुभोजनाची रांग पुढे सरकत असताना ते मागच्या दाराने शाळेच्या खोलीपाशी आले. मुलगी त्यांना पाहून धावली आणि मी मध्ये उभी राहिले. ते म्हणाले, ‘‘ताई, मला ओळखत नाही का?’’ मी म्हटले, ‘‘ओळखते, दादा. पण आज तिला तुमच्याबरोबर पाठवता येणार नाही.’’ त्यांचा आवाज चढला. माणसे बाहेर आली. आदेशाविषयी बोलणे मला शक्य नव्हते, त्यामुळे जमलेल्यांना एवढेच दिसले की एक बाई बापाला त्याच्या लेकीपासून दूर ठेवत आहे. कोणीतरी ‘‘जाऊ द्या हो, घरचेच आहेत’’ म्हणाले. मुलगी रडत होती, आणि ती त्यांच्या भीतीने नव्हे, त्यांच्याकडे जायला मिळत नाही म्हणून रडत होती. त्यांनी मला ढकलले नाही. खाली बसून, माझ्या बाजूने हात पुढे करून, त्यांनी तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावला आणि ते निघून गेले. त्यानंतर ते आमच्या मंडळीत आलेले नाहीत.

त्यांनी मुलीला कधी इजा केली, असा आरोप कोणीही केलेला नाही, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवते. ते तिला घेऊन जाणार होते की नुसतेच भेटणार होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

पथकात आले तेव्हा धोका बाहेरून, अनोळखी माणसाच्या रूपाने येईल, अशी माझी समजूत होती. त्या वेळची मी आजच्या मला विचारते: शिक्षिकेला सोबत बसवून ओसरीवर दहा मिनिटांची भेट का होऊ दिली नाही? मी सांगते की न्यायालयाने घातलेली अट सैल करणे माझ्या हातात नव्हते, आणि आईने माझ्यावर विश्वास टाकला होता. ती म्हणते, तू स्वयंसेविका आहेस, न्यायालयाची बेलीफ नाहीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही उद्या तसेच घडले तर मी पुन्हा त्याच जागी उभी राहीन. ज्या मुलांचा छळ होतो त्यांतल्या बहुतेकांचा तो ओळखीच्याच माणसाकडून होतो. ओळखीला सूट देणारा नियम नेमका त्या मुलांच्या उपयोगी पडत नाही. आणि दाराशी उभा असलेला माणूस आतल्या खबरा जाणून आपल्या मनाने सूट देऊ लागला, तर पुढच्या वेळी ती सूट कोणाला मिळेल, हे त्याच्या मैत्रीवर ठरेल.

सध्या आमच्या कमिटीपुढे सूचना आली आहे की मंडळीच्या सभासदांना चिठ्ठीच्या नियमातून वगळावे. मी लेखी विरोध नोंदवला आहे. त्याच पत्रात मी अशीही विनंती केली आहे की, न्यायालयाचा आदेश आणि आईची संमती यांना धक्का न लावता त्या वडिलांना निदान उपासनेला परत कसे आणता येईल, यावर पाळकसाहेबांनी त्यांच्याशी बोलावे. काही सभासदांना या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. निर्णय अजून झालेला नाही, आणि तो होईपर्यंत मागच्या दारावर चिठ्ठ्या तपासल्याच जातील.