सकरसाठी स्थळ शोधताना

"काचेवरचं शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो," असं सांगून ठाण्यातल्या एका दुकानदाराने ४० रुपयांत दोन इंचांचा सकर मासा माझ्या गळ्यात मारला. सहा वर्षांत तो सव्वा फुटाचा झाला. टाकी मात्र तीन फुटांचीच. त्याला धड वळताही येईना. शेवाळ त्याने जेमतेम पहिलं वर्षभर खाल्लं, मग काकडी, वाटाणे आणि टाकीतलं लाकूड. रात्री ते खरवडल्याची करकर हॉलमध्ये झोपणाऱ्या बाबांना ऐकू यायची. आणि साफसफाईचं म्हणाल, तर आता सगळ्यात जास्त घाण तोच करायचा.

दुकानदार म्हणाला, "मोठा परत घेत नाही. तलावात सोडा, सगळे तेच करतात." उपवन तलाव आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. एका रविवारी बादली घेऊन मी गेलोसुद्धा.

काठावर एक काका गळ टाकून बसले होते, शेजारच्या पिशवीत चार-पाच चिलाप्या. बादलीत डोकावून म्हणाले, "हा नको रे सोडूस. जाळ्यात आला की काटे अडकतात, सोडवताना जाळंच फाटतं. आणि विकत कोण घेणार याला?" त्यांच्या पिशवीतली चिलापीही मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली, हे मी मनातच ठेवलं. चिलापी निदान कालवणात जाते. सकरच्या माहेरी, अॅमेझॉनच्या काठी, त्यालाही कवचासकट भाजून खातात म्हणे, आमच्या आईने मात्र "याला साफ करायचा तरी कुठून?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.

बादली घेऊन परत आलो आणि मग वाचत बसलो. वाचायचं ते सहा वर्षांपूर्वी, पण असो. हे मासे काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, त्याने काठ ढासळतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर वर येऊन हवा गिळतात. म्हणजे उन्हाळ्यात तलावातले बाकीचे मासे मरून तरंगले तरी हा पठ्ठ्या मजेत.

मग स्थळं बघायला सुरुवात केली. मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला, अट एकच : सहा फुटी टाकी, घरातली. मुरबाडहून एकाला शेततळ्यासाठी हवा होता. पावसात शेततळं भरून वाहिलं की ओढा, ओढ्यातून नदी, नकार दिला. एका सोसायटीला कारंज्याच्या हौदात सोडायचा होता, त्यांनाही नाही म्हटलं. तीन आठवड्यांनी वाशीच्या एका दंतवैद्यांचा फोन आला. दवाखान्यात सहा फुटी टाकी, मासेही थोराड. "भांडखोर आहे का? खातो किती?" अगदी मुलाकडच्यांसारखी चौकशी.

निघायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवला, म्हणजे बादलीतलं पाणी वाटेत घाण होणार नाही. पकडायला जाळी वापरली, ही चूक. परांचे काटे ताठ करून त्याने ती अशी धरली की शेवटी कात्रीने कापावी लागली. नंतर ओल्या टॉवेलात धरला. इतक्या जवळून त्याचा डोळा प्रथमच नीट पाहिला. बुबुळावर वरून एक छोटी झडप उतरलेली असते. मोबाइलचा टॉर्च लावला की ती पसरते, बंद केला की आक्रसते. थेट डोळा मारल्यासारखं.

ऐरोलीच्या सिग्नलला बादलीचं झाकण आतून दोनदा वाजलं. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला.

दवाखान्यात पोचल्यावर तासभर त्यांच्या टाकीतलं पाणी मगाने थोडं थोडं बादलीत घालत बसलो. टाकीत सोडायच्या आधी डॉक्टरांनी टॉवेलातच त्याला उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि तोंडाच्या चकतीत निरखून पाहिलं. आत ब्रशच्या केसांसारख्या बारीक दातांच्या ओळी.

"कीड नाही," ते म्हणाले, आणि सोडला.