तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी रिव्हर्ब टँक मी बदलत का नाही?

रिव्हर्ब म्हणजे गिटारच्या आवाजाला दिलेला घुमारा, आणि टँक म्हणजे तो घुमारा तयार करणाऱ्या स्प्रिंगची पत्र्याची पेटी. जुनं स्प्रिंग रिव्हर्ब युनिट दुरुस्तीला आलं की गिटारवाला हमखास विचारतो, "नवी टँक बसवून टाका ना! त्याच मापाची मिळते." मिळते, खरं आहे. तरी मी आधी मूळची टँक उघडते, कारण मुक्या झालेल्या टँकमधल्या स्प्रिंग बहुतेक वेळा ठणठणीत असतात. तुटलेली असते ती कॉइलची केसाएवढी तार, आणि ती जोडता येते.

माझ्याकडे ज्याबद्दल सर्वात जास्त विचारणा होते ते फेंडर या अमेरिकी गिटार-अॅम्प्लिफायर कंपनीचं १९६१ सालचं वेगळ्या पेटीतलं युनिट. ड्वेल, मिक्सर आणि टोन, एवढीच तीन बटणं. आतली टँक मात्र हॅमंडच्या घराण्यातली. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडला आपल्या ऑर्गनसाठी चर्चमधला घुमारा घरच्या दिवाणखान्यात हवा होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर होणारा उशीर तपासायला बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेत स्प्रिंग वापरत, ती कल्पना त्याने उचलली. १९६०च्या सुमारास आलेली टाइप ४ टँक अजूनही त्याच घाटाची बनते.

तिचं काम डोळ्यांनी पाहता येतं, म्हणून मला ती फार आवडते. स्प्रिंगच्या टोकाला बारीक चुंबक असतो. ड्रायव्हर कॉइलमध्ये, म्हणजे इनपुटच्या बाजूच्या तारेच्या गुंडाळीत, सिग्नल आला की तो चुंबक जागच्या जागी पीळ खातो. पीळ स्प्रिंगभर धावत जातो, पलीकडचा चुंबक हलवतो आणि तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा सिग्नल उपजतो. स्प्रिंगच्या ओळी दोन. एकीतून आवाज ३३ मिलिसेकंदांत पोचतो, दुसरीतून ४१. त्यामुळे दोन्हींचे पडसाद एकमेकांवर बसत नाहीत, पसरतात.

आता तपासणी. फेंडरच्या टँकवर ४एबी३सी१बी असा शिक्का असतो. त्यातला ए म्हणजे इनपुट ८ ओहम, पुढचा बी म्हणजे आउटपुट २२५० ओहम. पण हे आकडे १ किलोहर्ट्झच्या सिग्नलला. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, म्हणून तो लावला तर इनपुटला जेमतेम १ ओहम दिसतो आणि आउटपुटला २००च्या आसपास. तो १ ओहम पाहून "कॉइल शॉर्ट झाली" म्हणत चांगल्या टँका भंगारात गेल्यात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मीटर काहीच दाखवत नसेल तेव्हाच तार तुटलीय असं समजायचं.

ती बहुधा बॉबिनच्या, म्हणजे तार गुंडाळलेल्या रिळाच्या, टोकाशी तुटते, जिथे सोल्डर मारलेलं असतं. किनारपट्टीच्या दमट हवेत तिथे हिरवट गंज चढतो. भिंगाखाली धरायचं, वाइंडिंगचा एखादा वेढा सुईने अलगद सोडवायचा, ब्लेडच्या पाठीने तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडायचा. दोन-तीन मिलिमीटर तांबं चमकलं की पुरे. त्यावर हलकं सोल्डर, मग बारीक मऊ वायरचा तुकडा जोडायचा आणि सांध्यावर चिकटद्रव्याचा एक थेंब टाकायचा, म्हणजे ओढ तारेवर येत नाही. हे करताना सोल्डरिंग आयर्न चुंबकाजवळ नेऊ नये आणि स्प्रिंग ताणू नयेत. आतली चौकट चार छोट्या स्प्रिंगवर तरंगते. त्यातली एखादी निसटली की पायाच्या आवाजानेही युनिट घुमतं. म्हणून झाकण लावण्याआधी त्या पाहायच्याच.

बाकी युनिटचं काम नेहमीचंच: फिल्टर कंडेन्सर बदलणे, तीन पिनांची अर्थिंगची वायर टाकणे. ही युनिटं अमेरिकेतल्या ११७ व्होल्टवर चालणारी, त्यामुळे आपल्याकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. रेझिस्टर लावून तो उतरवल्याशिवाय आणि मीटरवर पाहिल्याशिवाय मी आत बोट घालत नाही. तुम्हीही घालू नका.

नवी टँक बसवायचीच झाली तर फक्त माप पाहून घेऊ नका. शिक्क्यात ए ऐवजी एफ असलेली टँक दिसायला तशीच, पण तिचं इनपुट १४७५ ओहम. फेंडरचं युनिट ६के६ व्हॉल्व्हने (जुन्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळीने), छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, ८ ओहमच्या टँकला जोर देतं. स्प्रिंगसाठी अख्खा पॉवर व्हॉल्व्ह खर्ची घातलाय, म्हणून तर त्याचा तो टपटपणारा ओला आवाज येतो. एफ टँक लावली की आवाज मरगळतो आणि दोष उगीच व्हॉल्व्हवर जातो.

मी स्वतः टँक बदलते ती दोनच कारणांनी: स्प्रिंग ताणून सैल झाली असेल किंवा तार वाइंडिंगच्या पोटात तुटली असेल. तेव्हाही जुनी टँक पिशवीत घालून युनिटसोबत परत देते. तिचं दुसरं टोक शाबूत असतं आणि तशाच एखाद्या टँकला ती कॉइल कामाला येते.