तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नाही’ आणि ‘अजून नाही’

“तुमचा नक्की विषय कोणता?” हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. माझ्या शोधनिबंधांत एकीकडे कर्करोगाचे रुग्ण आहेत, एकीकडे क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांची लखलखती केंद्रं), मग सुधारित बियाणं घेणारे आणि न घेणारे शेतकरी, आणि अलीकडे प्रोटॉन. एकाच माणसाला हे सगळं कसं कळतं?

सगळं कळत नाही. आजाराचं डॉक्टरांना कळतं, ताऱ्यांचं खगोलशास्त्रज्ञांना. मी संख्याशास्त्रवाली. या सगळ्यांच्या नोंदवह्यांत एक रकाना असा असतो की जिथे आकडा हवा तिथे ‘अजून नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या रकान्याचं काय करायचं, हा माझा विषय.

तो विषय मला एका चुकीमुळे मिळाला. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे रुग्णांची एक फाइल आली. शेवटचा रकाना मृत्यूच्या तारखेचा, आणि बऱ्याच ओळींत तो रिकामा. काही रुग्ण अभ्यास संपला तेव्हा हयात होते, काहींपुढे ‘संपर्क नाही’ असा शेरा होता. मी त्या ओळी काढून टाकल्या, उरलेल्यांची सरासरी काढली आणि स्वच्छ तक्ता नेऊन दिला. ज्येष्ठ डॉक्टरांनी तो पाहिला आणि विचारलं, “जगलेली माणसं कुठे गेली?” उपचारानंतर माणूस किती जगतो, हे मी फक्त मेलेल्यांवरून काढलं होतं. तो तक्ता तसाच पुढे गेला असता तर एक चांगला उपचार वाया गेलेला दिसला असता. आजही नवी फाइल उघडताना मला ते वाक्य आठवतं.

हे हिशेबाने दाखवते. समजा पाच रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं. पहिला तिसऱ्या महिन्यात दगावला. दुसरा पाच महिने आला आणि मग यायचाच बंद झाला. तिसरा आठव्या महिन्यात गेला. चौथा आणि पाचवा वर्ष संपलं तेव्हा हयात होते. वर्षभर जगण्याची शक्यता किती? दुसऱ्याला मेलेला धरलं तर ४० टक्के, जिवंत धरलं तर ६०, यादीतूनच काढला तर ५०. तिन्ही वेळा आपण त्याच्या वतीने काहीतरी मनाचं ठरवतो. त्याने आपल्याला एकच पक्की गोष्ट सांगितलीय, की पाच महिने तो जगला. तेवढीच वापरायची. तिसऱ्या महिन्यात पाच जण नजरेसमोर होते, चार राहिले : चार छेद पाच. आठव्या महिन्यात नजरेसमोर तीनच होते, दोन राहिले : दोन छेद तीन. गुणाकार आठ छेद पंधरा, म्हणजे सुमारे ५३ टक्के. दुसरा रुग्ण पहिल्या अपूर्णांकात आहे, दुसऱ्यात नाही. तो जितका काळ आपल्याबरोबर होता तितकाच मोजला गेला. मला ही रीत न्यायाची वाटते. आलेखावर ती उतरत्या पायऱ्यांसारखी दिसते आणि पायऱ्यांवर मधेमधे बारीक उभ्या रेघा असतात. वैद्यकीय नियतकालिकांत अनेक जण त्या रेघांवरून नजर पुढे नेतात. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे नजरेआड झालेला किंवा अभ्यास संपताना हयात असलेला एक माणूस असतो.

ही रीत १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांच्या एकत्रित निबंधात आली. दोघांनी ती वेगवेगळी शोधली होती. मायर यांच्यासमोर रुग्ण होते. कॅप्लन अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांना हवं होतं समुद्रतळाशी टाकलेल्या टेलिफोन केबलमधल्या, क्षीण होणारा आवाज वाढवणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबांचं आयुष्य. बिघडलेली ट्यूब बदलायला तिथे कोण जाणार? दोघांचे निबंध एकाच नियतकालिकाकडे गेले, आणि संपादकांनी त्यांना एकत्र लिहायला सांगितलं. रुग्ण आणि ट्यूब यांचं गणित एकच आहे हे ज्याला दिसलं, त्या संपादकाचं मला फार कौतुक आहे.

खगोलशास्त्रज्ञांचं आणि आयुर्मानाच्या गणिताचं नातं तर त्याहून जुनं. धूमकेतूवाले एडमंड हॅले यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला होता. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी परतफेड झाली. दुर्बीण एखाद्या क्वेसारकडे रोखली आणि क्ष-किरणांत काहीच दिसलं नाही, तर ‘तेज शून्य’ असं लिहिता येत नाही. ‘या पातळीपेक्षा कमी’ एवढंच लिहिता येतं. रुग्णाबाबत आपल्याला ‘पाच महिन्यांपेक्षा जास्त’ माहीत असतं, इथे ‘यापेक्षा कमी’. आकडे उलटे फिरवले की गणित तेच. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एरिक फायगलसन आणि संख्याशास्त्रज्ञ पॉल नेल्सन यांनी रुग्णांसाठीच्या या पद्धती न दिसलेल्या खगोलीय वस्तूंना रीतसर लावून दाखवल्या. फक्त दिसलेल्या वस्तूंवर सरासरी काढली तर विश्व आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतं. माझ्या पहिल्या तक्त्यातली चूकच ती.

शेतीत मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण तिथलं शून्य फसवं आहे. नव्या वाणाखाली किती क्षेत्र, असं विचारलं की पुष्कळ शेतकऱ्यांपुढे शून्य येतं. असे शून्यांनी भरलेले आकडे कसे हाताळायचे, याची एक वाट अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी दाखवली, तीही १९५८ सालीच. त्यांच्यासमोर घरातल्या टिकाऊ वस्तूंवरचा खर्च होता. ती वाट शेतीतही खूप वापरली गेली. पण तिच्यात एक गृहीत आहे : घ्यायचं की नाही आणि किती घ्यायचं, हे दोन्ही एकाच कारणांनी ठरतं. १९७१ मध्ये जॉन क्रॅग यांनी हे दोन निर्णय वेगळे केले, आणि माझ्या मते शेतीत तेच बरोबर आहे. एकाने वाण घेतलं नाही कारण त्याच्या जमिनीला ते मानवत नाही. दुसऱ्याला हवं होतं, पण पेरणीपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही किंवा बियाणं पोहोचलं नाही. कागदावर दोघेही शून्य. पहिल्याचं ‘नाही’ आहे, दुसऱ्याचं ‘अजून नाही’. पहिल्याला अनुदान देऊन फरक पडणार नाही. दुसऱ्याला अनुदानापेक्षा वेळेवर पुरवठा हवाय. हा फरक कोणतंही सूत्र मागाहून शोधून देत नाही, तो प्रश्नावलीतच विचारावा लागतो. म्हणून सर्वेक्षणाचा मसुदा माझ्याकडे आला की मी ‘घ्यायचं होतं का?’ हा एक प्रश्न वाढवायला लावते. प्रश्नावली आधीच लांब आहे, असं मला दर वेळी ऐकवलं जातं. मी हटत नाही.

आता प्रोटॉन. १९७४ मध्ये मांडलेल्या एका सिद्धान्तानुसार प्रोटॉन अमर नाही, कधीतरी तो फुटायला हवा. जपानमध्ये कामिओका इथे डोंगराच्या पोटात ५०,००० टन शुद्ध पाण्याची टाकी १९९६ पासून त्याची वाट पाहतेय. एकही प्रोटॉन फुटताना दिसलेला नाही. पण पाण्यात प्रोटॉन अफाट आहेत, त्यामुळे त्या रिकाम्या वहीतूनही कळतं की प्रोटॉनचं सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतक्या वर्षांहून मोठं असलं पाहिजे. अशा टाक्यांत काहीच न दिसल्यामुळे त्या सिद्धान्ताचं सगळ्यात साधं रूप बाद झालं. हेच गणित औषधालाही लागतं. ३०० जणांना औषध दिलं आणि कोणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर धोका शून्य समजू नका. शंभरात एकाला त्रास होण्याइतका धोका असला, तरी ३०० जणांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते.

एक गोष्ट मात्र या सगळ्या गणिताच्या हातात नाही. पाच रुग्णांच्या त्या हिशेबात मी धरून चालले होते की दुसरा रुग्ण यायचा थांबला त्याचा त्याच्या आजाराशी संबंध नाही. तो प्रवास झेपेना म्हणून थांबला असेल तर ५३ टक्के हा आकडा खोटा आहे. माझ्या पहिल्या फाइलीच्या वेळी त्या डॉक्टरांनी हेच सांगितलं आणि ‘संपर्क नाही’ शेऱ्याच्या सगळ्या ओळी मला छापून मागितल्या. मग एका समाजसेविकेने एकेका घरी फोन लावला. मी शेजारी बसून लिहून घेत होते. कोणी गाव बदललं होतं, कोणी बरं वाटलं म्हणून येणं सोडलं होतं. एका घरी मुलीने फोन उचलला आणि तारीख सांगितली.

आता कोणत्याही अभ्यासाचा आराखडा ठरताना मी त्या फोनांसाठी माणूस आणि वेळ आधी मागून घेते. गणिताचं बोलणं त्यानंतर.