रबाळ्यात पेटवलेली लेहची बुखारी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तेलावर चालणारे बर्नर येतात. बॉयलरचे, थर्मिक फ्लुइड हीटरचे, रंग सुकवायच्या ओव्हनचे. या पट्ट्यात गॅसची लाइन आल्यापासून तेही कमी झालेत. घर गरम करायचा स्टोव्ह मात्र आमच्याकडे कधी आलाच नव्हता. आणि एके दिवशी भर जुलैच्या पावसात कळव्याचे एक निवृत्त सुभेदार टेम्पोत केरोसीनची बुखारी घालून दारात उभे राहिले.

"भाच्याबरोबर लेहला गेस्ट हाउस काढतोय. स्टोव्ह वागळे इस्टेटमध्ये बनवून घेतलाय. वर न्यायच्या आधी इथं पेटवून बघा, दादा. तिथं बिघडला तर माणूस कुठून आणू?"

हा माणूस मला तिथंच आवडला. लाखांचे बर्नर ट्रायल न घेता साइटवर नेणारी मंडळी रोज भेटतात.

स्टोव्ह पॉट जातीचा होता, म्हणजे तेल एका भोकं पाडलेल्या भांड्यात जळतं. यात पंप नाही, नोझल नाही, वीजही लागत नाही. टाकीतलं तेल फ्लोट व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबानं पॉटच्या तळाशी येतं, तापून त्याची वाफ होते आणि पॉटच्या भिंतीतल्या भोकांमधून येणाऱ्या हवेशी मिसळून ती जळते. हवा कोण ओढतं? धुराडं. म्हणून या स्टोव्हमध्ये धुराडं हाच पंखा असतो. साधारण 15 पास्कलची ओढ मिळाली तर ज्योत स्वच्छ जळते, कमी पडली की काजळी धरते.

सुभेदारांनी विचारलं, "इथं नीट पेटला तर वर पेटेल ना? तिथं हवा विरळ." प्रश्न अगदी नेमका होता, म्हणून कागद घेऊन बसलो. लेह साधारण 3,500 मीटरवर, तिथला हवेचा दाब आपल्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पण बाहेर उणे 15 अंशांची थंडी असते आणि थंड हवा जड. धुराड्यातला धूर सरासरी 200 अंशांचा धरला, तर तिथल्या हिवाळ्यात एका मीटरमागे जवळपास 4 पास्कल ओढ निघते. रबाळ्यात 28 अंशांनाही तेवढीच! दोन्ही आकडे इतके जुळले की मी हिशेब पुन्हा करून पाहिला. फरक पडतो तो प्राणवायूत. ओढ तेवढीच असली तरी पॉटमध्ये हवा कमी वजनाची जाते, म्हणून तेल सुमारे पाचव्या हिश्शानं कमी करायला हवं. ते न करता इथली सेटिंग तशीच वर नेली, तर पहिल्याच आठवड्यात धुराडं काजळीनं भरेल.

टेस्टिंगच्या खोलीत चार मीटरचा पाइप छपराबाहेर काढला, ओढ मोजणारं ड्राफ्ट गेज लावलं, पॉटच्या तळाशी थोडं तेल जमू दिलं आणि काकड्यानं पेटवलं. वीसेक मिनिटांत ज्योत वरच्या कड्याशी आली, पिवळी, स्थिर. गेजवर 13 पास्कल. सुभेदार लहान मुलासारखे खूश झाले.

पाऊस आत येतो म्हणून कोणीतरी खोलीचं दार लावलं. उकडायला लागलं तसा आमच्या पोरानं भिंतीतला 18 इंची एक्झॉस्ट सुरू केला. बंद खोलीतली हवा पंखा बाहेर ओढत होता, ती भरून काढायला धुराड्यातूनच हवा आत यायला लागली. गेजचा काटा शून्यावर आला आणि उलटीकडे गेला. ज्योत तांबूस झाली, लांबली, भोकांतून धूर खोलीत यायला लागला आणि स्टोव्ह विझला. पंखा बंद करून मी दार उघडलं. पण तेवढ्यात पोरानं काकडा पेटवून स्टोव्हचं झाकण उचलायला हात घातला.

मी इतक्या जोरानं ओरडलो की बाहेरचा ग्राइंडर थांबला.

ज्योत विझली म्हणून तेल थांबत नाही. व्हॉल्व्हच्या पातळीइतकं भरेपर्यंत ते पॉटमध्ये येतच राहतं. पॉट तापलेला, म्हणजे त्याची पांढरी वाफ होऊन स्टोव्हभर आणि धुराडंभर साठते. त्यात काकडा घातला तर आधी झाकण उडतं आणि मागून आग येते. मी व्हॉल्व्ह बंद केला, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. पॉट हाताला गार लागेपर्यंत कोणालाही आत जाऊ दिलं नाही. मग तळातलं तेल चिंध्यांनी टिपून काढलं. पोरगा थरथरत होता. सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वर असताना अशाच भडक्यात एकाच्या भुवया-पापण्या गेलेल्या मी पाहिल्यात, बाळा," ते म्हणाले. डीआरडीओनं सैन्यासाठी 'हिम-तापक' ही नवी बुखारी बनवली, तेव्हाही उलटा भडका आणि कार्बन मोनॉक्साइडचा विषारी वायू हेच दोन धोके टाळायचं उद्दिष्ट होतं. जवानांचे जीव ज्यापायी जातात ते धोके गेस्ट हाउसमधल्या पाहुण्याला कमी कसे असतील?

चहा घेताना मी गेस्ट हाउसचा नकाशा मागितला. स्टोव्ह हॉलमध्ये, शेजारी दार नसलेलं स्वयंपाकघर आणि त्याच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट. थंडीत खिडक्या पट्ट्या लावून बंद. आमच्या खोलीत जे झालं तेच तिथं रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना होणार होतं! फक्त तिथं हॉलला लागून झोपायच्या खोल्या आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.

सुभेदार बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी स्वयंपाकघराला दार काढलं.

बाकीचं आम्ही मिळून ठरवलं. स्टोव्हमागच्या भिंतीतून बाहेरच्या हवेचा चार इंची पाइप थेट पॉटच्या कवचापर्यंत आणायचा. धुराडं सपाट छताच्या वर निदान तीन फूट न्यायचं आणि शेजारच्या कठड्यापेक्षा उंच ठेवायचं. मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत. तेलाची टाकी घराबाहेर असल्यानं साधं डिझेल कधीच वापरायचं नाही, ते थंडीत गोठतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, पण हा व्हॉल्व्ह केरोसीनसाठी बेतलेला, म्हणून केरोसीनच. आणि विझलेला स्टोव्ह गार झाल्याशिवाय पेटवायचा नाही, हे मराठी, हिंदी आणि लडाखीत पत्र्यावर रंगवून स्टोव्हशेजारी टांगायचं. हे शेवटचं सुभेदारांनी सुचवलं.

हवेचा पाइप जोडून आठवड्यानं पुन्हा ट्रायल घेतली. या वेळी दार मुद्दाम लावलं, एक्झॉस्ट मुद्दाम चालू केला. काटा 13 वरून 11 वर आला आणि तिथंच थांबला. काकडा या वेळीही त्याच पोरानं लावला होता, गार पॉटमध्ये, आधी तळ तपासून.

ऑक्टोबरात लेहहून फोन आला. दुपारी ऊन असताना ओढ 10 च्या आसपास, रात्री 14. मी तेलाचा स्क्रू आणखी पाव फेरा आवळायला सांगितला. दुसऱ्या मजल्यासाठी अजून एक स्टोव्ह हवाय, पण हवेचा पाइप पहिल्यापासून कवचातच बसवलेला, असं ते म्हणाले. त्याचं ड्रॉइंग सध्या माझ्या टेबलावर आहे.