एका पावसाच्या दोन तारखा

बाटली उचलली तेव्हाच हाताला वजन लागलं. १ डिसेंबरची सकाळ होती. या दिवसांत पर्जन्यमापकाच्या बाटलीत काही असलंच तर दवाचे चार थेंब ओघळलेले असतात, मोजपात्राचा तळ जेमतेम ओला होईल एवढे. त्या दिवशी १४.६ मिलिमीटर भरला. रात्री पत्र्यावर पाऊस ऐकला होता, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. पोटात कालवलं ते आवारामागच्या आंब्याच्या कलमांकडे बघून. आठच दिवसांपूर्वी तिथे मोहोराचे बोंगे फुटायला लागले होते.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत निरीक्षक आहे. अंदाज सांगणं वरच्या कार्यालयाचं काम, आमच्याकडे मोजणं. सकाळची नोंद साडेआठला घ्यायची. ही वेळ आम्ही ठरवलेली नाही. ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरच्या वेधशाळा त्याच क्षणी आपापली नोंद घेतात. पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ. म्हणजे १ तारखेच्या नावावर लिहिला जाणारा पाऊस ३० तारखेच्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. बाहेर हे कुणाला ठाऊक नसतं. पेपरात आकडा वाचून लोक फोन करतात, ‘त्या दिवशी तर कडक ऊन होतं हो!’

थंडीचे पहिले पंधरा-वीस दिवस मोजायला सगळ्यांत नाठाळ. पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, पारा १८-१९ पर्यंत उतरतो, हातपाय गारठतात. दुपारी पूर्वेचा वारा जोर धरून राहिला तर खारा वारा उशिरा शिरतो आणि तोवर कमाल तापमान ३५ च्या घरात गेलेलं असतं. ऐन डिसेंबरात देशातलं त्या दिवसाचं सर्वांत जास्त तापमान कधीकधी कोकणात नोंदलं जातं, ते यामुळे. मग अरबी समुद्रात दक्षिणेकडे एखादा कमी दाबाचा पट्टा तयार होतो, वारा फिरतो, ढग येतात आणि रात्रीचं तापमान २४ च्या खाली यायलाच तयार होत नाही. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं ओखी वादळ तर मोठंच होतं. केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी तेव्हा आसऱ्याला सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. पण आंब्याचं वाटोळं करायला वादळ लागत नाही. चार ढगाळ दिवस आणि एक सर पुरते. तुडतुडे वाढतात, मोहोरावर करपा येतो, आधी केलेली फवारणी धुऊन जाते.

अशा हवेत आर्द्रतेची नोंद चुकायला काहीच लागत नाही. कोरड्या आणि ओल्या तापमापीतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. ओल्या तापमापीच्या फुग्यावर मलमलीचं भिजवलेलं फडकं असतं. समुद्राच्या हवेतलं मीठ त्यात मुरतं, पाणी नीट उडत नाही आणि तापमापी खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. मी फडकं वेळेआधीच बदलतो, पाणी ऊर्ध्वपातितच वापरतो. तापमापींच्या पिंजऱ्याचं दार उघडल्यावर श्वास रोखून आधी दशांश वाचतो, मग पूर्ण अंश. माझ्या आधीच्या निरीक्षकांनी असंच शिकवलं. खुर्चीवर बसून कालच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे करून नोंद लिहिणारेही मी पाहिलेत. त्यांना मी कधी माफ केलेलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर शेजारच्या महसूल मंडळातले एक बागायतदार काका आले. सत्तरीचे असतील. त्यांनी २८ तारखेला फवारणी केली होती, ती पाण्यात गेली होती. आंब्याच्या हवामान आधारित फळपीक विम्यात अवेळी पावसाचं संरक्षण १ डिसेंबरला सुरू होतं. त्यांच्या मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद नेमकी त्या रात्री काही तास गायब होती. कंपनीचा माणूस त्यांना म्हणाला होता, पाऊस ३० च्या रात्रीचा, आमच्या मुदतीतला नाही.

‘तुझ्या वहीत काय आसा?’ काकांनी विचारलं.

मी सांगितलं. १ डिसेंबर, १४.६.

‘मगे कागदार काय ता लिवन दी.’

तसं देता येत नाही. रीतसर अर्ज करायचा, आकडे हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयातून मिळतात. ते समजावलं. आणि समजावता समजावता मी त्यांना साडेआठचा हिशेबही सांगून बसलो. सांगायला हवा होता की नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. पण त्यांनी पाऊस कधी पडला हे विचारलं होतं आणि मला ते माहीत होतं. काका माझ्याकडे बघत राहिले.

‘एकच पाऊस पडलो मां रे? मगे त्याचे दोन दिवस कसे झाले?’

मी आतून स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या त्या दिवसाच्या आलेखाची माझ्याकडची प्रत आणली. हे यंत्र मला फार प्रिय आहे. घड्याळाच्या ढोलावर कागद गुंडाळलेला असतो आणि पाऊस पडेल तसं पेन वर चढतं. १० मिलिमीटर झाले की सायफनने टाकी रिकामी होते आणि पेन एका उभ्या रेषेत शून्यावर कोसळतं. त्या रात्रीची रेष साडेनऊपासून हळूहळू चढत ११ वाजून ४० मिनिटांपर्यंत ३ वर आली होती. मग जोराची सर. पुढच्या २० मिनिटांत ७ मिलिमीटर, आणि पेन कोसळल्याची उभी रेष जवळजवळ मध्यरात्रीच्या रेषेवरच. त्यानंतर एक वाजेपर्यंत आणखी ४.६.

म्हणजे आलेखावर तारखेची वाटणी १० आणि ४.६. काकांच्या म्हणण्याप्रमाणे विम्याच्या निकषातली एका दिवसाची मर्यादा ४.६ च्या किंचित वर होती.

पण त्या सकाळी कागद बदलताना मला घड्याळ १० मिनिटं मागे आढळलं होतं आणि तसं मी कागदाच्या मागे लिहिलंही होतं, काका येण्याच्या पंधरा दिवस आधी. घड्याळ मागे म्हणजे पाऊस खरा पडला तो कागदावर दिसतो त्याच्या नंतर. २४ तासांत १० मिनिटं, तर मध्यरात्रीपर्यंत साडेसहा मिनिटांच्या आसपास. त्या सरीच्या जोरात साडेसहा मिनिटं म्हणजे दोन-सव्वादोन मिलिमीटर. तेवढा पाऊस ३० तारखेतून १ तारखेत सरकतो. ४.६ चे पावणेसात होतात.

घड्याळ एकाच चालीने मागे पडलं असेल तर हा हिशेब. ते पहाटेच्या गारठ्यात मंदावलं असेल तर मध्यरात्रीपर्यंत फरक पडलेलाच नसेल. आदल्या सकाळी पेन रेषेवर ठेवताना माझाच हात चुकला असेल तर पूर्ण १० मिनिटं धरायला हवीत. शाईची रेषच दोन-तीन मिनिटांएवढी जाड असते. मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘तुका स्वताक काय वाटता?’

मला वाटत होतं की ती सर मध्यरात्र ओलांडून आली. मी अंथरुणात जागा होतो. पण मी घड्याळ पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, ‘काका, मी बघितलं नाही.’

वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, आपण १ तारखेला १४.६ पाठवला, आपलं काम तिथे संपलं. नियमाने ते बरोबरच आहे. तरी मला राग आला तो विमा कंपनीचा. दिवस मध्यरात्री सुरू होतो की साडेआठला, हे शेतकऱ्याला ३० नोव्हेंबरच्या आत पैसे भरतानाच सांगायला हवं, दावा आल्यावर नव्हे. आणि हजारो कलमांचं नशीब ज्या केंद्रावर टांगलेलं आहे ते पावसातच बंद पडत असेल, तर तिथे पत्र्याची एक साधी बाटली ठेवावी. तिला बॅटरी लागत नाही.

काकांनी अर्ज केला, आकडे आणले. मार्चमध्ये ते पुन्हा भेटले. दावा नामंजूर झाला होता, कारण आमची वेधशाळा त्यांच्या मंडळासाठी अधिसूचित केंद्र नाही. ती साडेसहा मिनिटं कुणी तपासलीच नाहीत.

‘पण तू मोजलंस,’ एवढंच ते म्हणाले आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.

गेल्या ३० नोव्हेंबरला आकाश स्वच्छ होतं, मतलई लवकर सुटली होती. रात्री पावणेबाराला बॅटरी घेऊन आवारात गेलो. फोनवर वेळ जुळवून ठेवली होती. बरोबर बारा वाजता पेनची दांडी बोटाने हलकेच उचलली आणि शून्याच्या सरळ रेषेवर वेळेची खूण केली.