'शौल भाऊ' म्हणणारा हनन्या

शनिवार, पहाट

आज पुन्हा बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9. आजवर हा अध्याय मी शौलासाठीच वाचत आले, येशूच्या लोकांचा छळ करणारा आणि पुढे पौल झालेला तो शौल: दिमिष्काची (दमास्कसची) वाट, आकाशातला प्रकाश, जमिनीवर कोसळलेला माणूस. आज मात्र हनन्यापाशी, दिमिष्कातल्या त्या साध्या शिष्यापाशी थांबले, आणि तिथून पुढे सरकवेना.

प्रभूने नावाने हाक मारली आणि तो लगेच 'हा मी' म्हणाला. तेवढं मीही म्हणते, रोज, गुडघ्यांवर. पण 'नीट' नावाच्या रस्त्यावर जा, तार्सच्या शौलाला शोध, असं ऐकल्यावर तो कचरला. या माणसाने यरुशलेमेत तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय, असं त्याने प्रभूलाच सांगितलं! त्याची भीती खोटी नव्हती. शौल खरंच विश्वासणाऱ्यांना बांधून न्यायला आला होता. प्रभूने त्याला रागावून गप्प केलं नाही, पण आज्ञाही मागे घेतली नाही. 'जा' हाच शब्द पुन्हा आला.

माझ्या प्रार्थनेच्या वहीत एक नाव खोडलेलं आहे. मंडळीतल्या एका ताईंचं. विश्वासाने सांगितलेली माझी गोष्ट त्यांनी चार जणींत बोलून टाकली, त्या रात्री खोडलं. रेघ इतकी जोरात मारली होती की पलीकडच्या पानावरही तिचा वळ उठलाय. गेले तीन आठवडे प्रार्थनेला बसले की तेच नाव समोर येतं. मी विषय बदलते, आजाऱ्यांसाठी मागते, सेवेसाठी मागते, मला बदल म्हणून मागते. आणि बदलाची सुरुवात जिथून व्हायची आहे नेमकं तेवढं पान उलटून पुढे जाते.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (12:2) हाच शौल, आता पौल, लिहितो की मनाच्या नवीकरणाने स्वतःचं रूपांतर होऊ द्या. 'करा' नव्हे, 'होऊ द्या'. हे 'होऊ देणं'च मला जड जातं. उपास करायला सांग, करते. पहाटे उठायला सांग, उठते. पण त्याचा हात जिथे दुखतं तिथे पडू लागला की मी अंग चोरते.

हनन्या गेला. तीन दिवस दिसत नसलेल्या, अन्नपाणी न घेतलेल्या त्या माणसावर हात ठेवले आणि म्हणाला, 'शौल भाऊ'. ज्याच्या नावाने कालपर्यंत धडकी भरायची, त्याला भाऊ! शौलाच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडलं ते त्यानंतर. मला वाटतं, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत येताना हनन्याच्याही डोळ्यांवरचं काही गळून पडलं असणार. पवित्र शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, हे माझं मन सांगतं. पुढे 22व्या अध्यायात पौल त्याची आठवण काढतो, तेवढंच. बाकी तो कुठे दिसत नाही.

शनिवार, रात्र

खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा लिहिलं. हात थरथरत होता. प्रार्थना दोनच वाक्यांची झाली, त्यातलं दुसरं अर्धंच.

संध्याकाळी दोनदा फोन लावला. उचलला नाही. उद्या उपासनेला त्या येतील. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतात, खिडकीजवळ. शेजारची जागा बहुतेक रिकामीच असते.

प्रभू, हा मी.. नाही, ही मी. उद्या लवकर निघेन.