आमची वाटचाल : सरळ नेणारा पट्टा

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात एकच वस्तू बनते : अंध माणसाला रस्ता सरळ ओलांडता यावा म्हणून कंबरेला बांधायचा पट्टा. 'सरळ' हा शब्द मुद्दाम घातलाय. गाडी येतेय का, हे आमचा पट्टा सांगत नाही, आणि सांगतो असं आम्ही कधी छापलंही नाही. त्यापायी धंदा बुडायची वेळ आली होती, म्हणून त्यामागचं कारण आधी.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) आणले, नाण्याच्या आकाराच्या, थरथरणाऱ्या ३ व्होल्टच्या मोटरी आणल्या. सेन्सरचा पल्ला कागदावर ४ मीटर. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. म्हणजे सेन्सरला ती कळल्यापासून अंगावर यायला अर्धा सेकंदही नाही. तेवढ्यात पाऊल मागे घेता येत नाही. चौकात आजूबाजूला दहा माणसं उभी, प्रत्येकाचा प्रतिध्वनी येतो, पट्टा अखंड थरथरतो आणि पाच मिनिटांत माणूस त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. चार जण असे पट्टे बांधून जवळजवळ उभे राहिले, की चौघांच्याही ४० किलोहर्ट्झच्या लहरी एकमेकांत शिरतात आणि मोकळ्या मैदानात भिंत 'दिसते'. कमरेच्या, छातीच्या उंचीवरचा अडथळा ओळखायला अल्ट्रासॉनिक उत्तम. आयआयटी दिल्लीतून २०१४ साली आलेली स्मार्टकेन, म्हणजे असा सेन्सर लावलेली पांढरी काठी, ते काम करतेच. रस्ता ओलांडणं हे काम वेगळं.

ते आमच्या पहिल्या ग्राहकाने शिकवलं. बँकेतले निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "गाड्या मला ऐकू येतात रे. मध्यावर गेलो की वाकडा जातो, तेवढं सांग." १४ मीटर रुंद रस्त्यावर निघताना १० अंशांनी चुकलं, तर पलीकडे पोचेपर्यंत अडीच मीटर सरकलेलं असतं. झेब्रा सुटतो आणि माणूस वळणाऱ्या गाड्यांपुढे येतो.

म्हणून सेन्सर काढला, जायरो बसवला, म्हणजे अंग किती अंश वळलं ते मोजणारी चिप. फूटपाथच्या कडेला दोन्ही पावलं नीट लावून किंवा शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज समांतर धरून उभं राहायचं, बटण दाबायचं, दोन सेकंद हलायचं नाही. तेवढ्यात जायरो स्वतःचं शून्य ठरवतो. मग डावीकडे भरकटलं तर उजवी मोटर वाजते, म्हणजे 'उजवीकडे ये'. ५ अंशांच्या आत शांत, पुढे तुटक ठोके, १५ च्या वर सलग. होकायंत्राची चिप आम्ही टाळली. शेजारी बस उभी राहिली किंवा वर मेट्रोचा पूल आला, की लोखंडामुळे ती दिशा चुकवते. जायरोही हळूहळू सरकतो, पण वीस सेकंदांत फारसा नाही, आणि रस्ता साधारण तेवढ्यात संपतो. चालताना कंबर दर पावलाला चारेक अंश इकडेतिकडे फिरते, म्हणून दोन पावलांची सरासरी घेतल्याशिवाय मोटर वाजवायची नाही. हे उमगेपर्यंत पट्टा दर पावलाला खोटं बोलत होता.

आता धंदा बुडायची वेळ आली ते वर्ष. एका मोठ्या खरेदीच्या टेंडरमध्ये रकाना होता : 'वाहन ओळखतो का?' आम्ही 'नाही' लिहिलं. दुसऱ्या एका कंपनीने 'हो' लिहिलं. आत सेन्सर तोच, आम्ही टाकून दिलेला. काम त्यांना गेलं, आमचे २०० पट्टे गाळ्यात पडून राहिले. जे थोडे विकले होते, ते त्याच पावसाळ्यात परत येऊ लागले. एकच मोटर बंद, दुसरी चालू. आणि अशा पट्ट्यात एका बाजूची शांतता म्हणजे 'बरोबर चाललायस' असा निरोप! उघडून पाहिलं तर मोटरच्या केसासारख्या तारा सोल्डरच्या मुळाशीच तुटलेल्या. वाकल्यावर सगळा ताण तिथेच येतो. हॉट ग्लू घामाने सुटला होता. सगळे २०० उघडले. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार, सांध्यापासून एक सेंटिमीटरवर तिला बांध, सर्किटच्या पाटीवर (पीसीबी) ओल आत न जाऊ देणारा पातळ थर (कन्फॉर्मल कोटिंग) आणि चालू करताना आधी डावी मग उजवी मोटर वाजून दाखवणारी तपासणी. एक जरी जाणवली नाही तर निघायचंच नाही. मायक्रो-यूएसबीचं तोंड चाचपडत उलटं घुसवताना तुटायचं. टाइप-सी लावल्यापासून ती तक्रार गेली. पगार त्या वेळी तीन महिने उशिरा झाले, कारागीर तरीही थांबले.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी : स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेऊ नका. डोळस माणूस पट्टी बांधल्यावर घाबरून चालतो, रोज पांढरी काठी वापरणारा तसा चालत नाही. अंधांना चलनवलन शिकवणारा प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. इशारा आवाजात देऊ नका, कान गाड्यांसाठी मोकळे हवेत. पट्टा सैल ठेवू देऊ नका. तो कंबरेवर फिरला की माणूस वळला असं जायरो धरतो. आणि काठी सोडायला कुणालाही सांगू नका.

त्या टेंडरमधले दुसऱ्या कंपनीचे पट्टे आता दुरुस्तीला आमच्याकडे येतात. मोटरी बदलून देतो, पैसे फक्त सुट्या भागांचे घेतो. परत देताना प्रत्येकाला पट्टा हातात धरायला लावून सांगतो : हा थरथरला नाही म्हणून रस्ता मोकळा समजू नका.